दोन माणसांची गाडी

गाडी जुनी झाली की तिला खोडी जडतात, त्यात नवल काही नाही, माणसांनाही जडतात. पण या पिकअपची खोड जगावेगळी होती. तिला चालू करायला दोन माणसं लागत. एकानं बोनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप अंगठ्यानं दाबत राहायचं, दुसऱ्यानं आत बसून किल्लीवर हात ठेवून वाट बघायची. डिझेल वर चढून पंप कडक लागला की बोनेटमागून हुकूम यायचा, "मार." मग आतल्यानं किल्ली फिरवून सेल्फ मारायचा, आणि ही बया खोकत, कण्हत, अख्ख्या गल्लीला जागं करत एकदाची सुरू व्हायची. एकट्यानं पंप मारून किल्लीकडे धावावं, तर तेवढ्यात डिझेल पुन्हा खाली उतरलेलं असायचं. बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारला तरी गाडी ढिम्म.

किल्लीवर हात लेकीचा आणि पंपावर तिच्या बाबांचा. कित्येक वर्षं हा असा संसार चालला होता.

बाबांनी जन्मभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते. गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पुढे नजर अधू झाली, गुडघ्यांनी दगा दिला, लायसन संपलं ते संपलंच. तेव्हा पिकअपचं स्टिअरिंग लेकीच्या हाती आलं आणि उस्ताद उतारवयात आपल्याच पोरीचे क्लीनर झाले. आई त्याआधीच गेली होती. घरात राहिली ही दोघं, आणि खाली गल्लीत उभी ही गाडी.

आता तुम्ही म्हणाल, बापलेक दिवसभर बरोबर, किती छान. एकदा बसून बघा. ती जिथं जाईल तिथं बाबा शेजारच्या सीटवर, कारण कुठंतरी इंजिन बंद करावं लागणारच, आणि बंद केलं की बाबांशिवाय ते चालू होणार नाही. फर्निचर उतरवायला गेली, बाबा आहेत. बँकेत गेली, बाबा बाहेर गाडीत आहेत आणि हॉर्न वाजवतायत. गिअर बदलायच्या आत बाबा सांगणार, गिअर बदल. सिग्नल लाल झाला, की सांगणार, लाल झाला. खिडकी खाली, खिडकी वर, घसा साफ करणं, मग चाळीस वर्षांपूर्वी घाटात ब्रेक फेल झाला होता ती गोष्ट. ती गोष्ट तिला इतकी पाठ होती, की बाबा कुठं श्वास घेणार तेही ती सांगू शकली असती. कधीकधी तिला वाटायचं, दार उघडावं आणि चालत्या गाडीतून खाली उतरून चालायला लागावं.

वजनकाट्यावर एक माणूस होता. हिच्याच वयाचा, बोलायला मऊ. हिची गाडी काट्यावर आली की त्याचा चेहरा उजळायचा, हे तिला कळत होतं आणि आवडतही होतं. पण तो खिडकीशी यायचा, की मध्ये बाबांचं डोकं. त्यानं विचारावं हिला आणि उत्तर द्यावं बाबांनी. शेवटी शेवटी तो बाबांशीच गप्पा मारायला लागला, टायर आणि हवापाण्यावर, आणि एक दिवस बदली होऊन गेला. जातानाही त्यानं निरोप घेतला तो उस्तादांचा. ती आठवण झाली, की आजही तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, गाडी दुरुस्त का नाही करायची? केली की. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं आधी बॅटरी बदलली, मग हीटर प्लग, मग सेल्फ खोलून बांधला. दर वेळी बाबा मान डोलवत, "तेच असणार, दुसरं काय." दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेट वर आणि बाबांचा अंगठा पंपावर. आता मेकॅनिक म्हणत होता, डिझेल पंपच गेला असेल, तो खोलायला नेला की गाडी महिनाभर विसरा. बाबा म्हणाले, विसरा म्हणजे काय, चाललंय ते चालू दे.

तशी ती चालूही देत राहिली असती. पण गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजला कायमची गाडी हवी होती. रोजचं काम, ठरलेल्या दुकानांत माल पोचवायचा आणि सूर्य मावळायच्या आत मोकळं. ती विचारायला गेली, अर्थातच बाबांसकट. तिथल्या सुपरवायझर बाई तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि नियम सांगितले: माल भरायची जागा बंदिस्त आहे, धूर कोंडतो, तेव्हा आत शिरलं की इंजिन बंद. आत फक्त ड्रायव्हर, दुसरं कुणी नाही. माल भरला की लगेच बाहेर, कारण मागे रांग असते. सोमवारी चाचणीसाठी या. गाडी आत अडकली तर पुन्हा येऊ नका.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "असली कामं आपल्याला नकोत. बंद जागेत माणूस गुदमरतो."

तिनं स्टिअरिंग इतकं आवळलं, की बोटं पांढरी पडली. गुदमरतो म्हणे. हे काम गेलं तर आपण या केबिनमध्येच म्हातारे होणार, बाबांच्या शेजारी बसून, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. आणि तिनं ठरवलं, की आता मेकॅनिकच्या नाही, आपल्या डोक्यानं बघायचं.

पहिली गोष्ट धुराची. सेल्फ मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, आणि धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, हे तिला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बोनेट उघडायच्या आत तिनं मुद्दाम सेल्फ मारला आणि आरशात मागे बघितलं. धुराचा पत्ता नाही. म्हणजे बॅटरी, प्लग, सेल्फ, सगळी उठाठेव फुकट गेली होती. इंजिन उपाशी होतं.

दुसरी गोष्ट उताराची. त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडे गाडी उतारावर लावावी लागली, तोंड खाली आणि टाकी वर. तासाभरानं दोघं परत आली, तर बाबांनी पंपाला नुसता हात लावला आणि गाडी चालू. त्या वेळी बाबा लगबगीनं म्हणाले, आज हवा गरम आहे ना, म्हणून. तिनं मान डोलावली आणि मनात जुळवाजुळव केली. टाकी वर असली की डिझेल इंजिनापाशीच राहतं, सपाटीवर मात्र मागे टाकीत उतरतं. म्हणजे वाटेत कुठंतरी नळी हवा ओढतेय. एवढं साधं! मग इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही? तेव्हा तिनं हा प्रश्न स्वतःला विचारला, पण त्यावर फार थांबली नाही.

शनिवारी दुपारी जेवून बाबा झोपले, तशी ती पाय न वाजवता खाली उतरली. हार्डवेअरच्या दुकानातून तिनं हातभर पारदर्शक नळी आणून ठेवली होती. टाकीकडून येणारा लोखंडी पाइप जिथं संपतो, तिथून फिल्टरपर्यंत एक वीतभर रबरी नळी होती. ती काढून जागी पारदर्शक बसवायची आणि बुडबुडे दिसतात का बघायचं, एवढाच तिचा बेत. बुडबुडे दिसले तर दोष मागे टाकीकडे. नाही दिसले तर पुढे.

तिनं क्लिपा आवळल्या आणि पंप मारायला घेतला. थोड्या वेळात अंगठ्याखाली पंप कडक झाला, आणि कडकच राहिला. ती किल्लीकडे धावली. गाडी चालू झाली. नळीतून डिझेल सरळ, काचेसारखं चाललं होतं, बुडबुडा म्हणून नव्हता. म्हणजे दोष इथं नाही, पुढे आहे. तिचा हिरमोड झाला. इंजिन बंद करून ती केबिनमध्ये बसून राहिली. शेजारची सीट रिकामी होती. त्या रिकाम्या सीटकडे बघत किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

मग उगाच, काही मनात नसताना, तिनं किल्ली फिरवली. पंपाला हात न लावता. अर्ध्या सेल्फला गाडी चालू झाली.

ती दचकलीच. बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा अर्ध्या सेल्फला. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला, की बुडबुडे बघायला जी नळी आपण काढली, हवा तिच्यातूनच शिरत होती. बघायला गेलो आणि रोगच काढून ठेवला. तिनं खाली उतरून ती जुनी रबरी नळी उचलली, हातात वाकवली, तर पोटाकडून नखाएवढी चीर उघडली. आणि मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. बोनेटखाली सगळं काळंकुट्ट, तेल आणि धुळीनं लिंपलेलं. ही एवढी नळी मात्र स्वच्छ, पुसलेली. चिरेतून रात्रभर पाझरलेलं डिझेल रोज सकाळी कुणीतरी फडक्यानं टिपून घेत होतं. बाबांच्या खिशात कायम एक फडकं असायचं. म्हातारा टापटिपीचा, असं सगळे कौतुकानं म्हणायचे.

तिनं मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बाबा उभे होते. गाडी त्यांच्याशिवाय चालू झाल्याचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असणार. दोघांची नजरानजर झाली. बाबा खिडकीतून आत गेले.

पारदर्शक नळी इंजिनच्या उष्णतेत टिकणारी नव्हती, तेव्हा ती गाडी घेऊन तडक स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. एकटी. दुकान चालवणाऱ्या काकूंनी चिरलेली नळी उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "अशीच नवी उस्तादांनी नेऊन किती दिवस झाले. बसवली नाही का अजून? का तीही फुटली?" ती म्हणाली, बसवायची राहिली असेल. बाहेर येऊन तिनं शेजारच्या सीटची गादी उचलली. खाली पाने-पकडींचा डबा होता, आणि डब्याच्या तळाशी, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली, कोरी करकरीत रबरी नळी. बाबा इतके दिवस तिच्यावर बसून होते.

संध्याकाळी तिनं ती नळी ताटाशेजारी ठेवली. बाबांनी नळीकडे बघितलं आणि ते जेवत राहिले. मग तिचा संयम सुटला. ती ओरडली नाही, पण जे तोंडाला येईल ते बोलली. वजनकाट्यावरचा माणूस बोलली, बँकेबाहेरचा हॉर्न बोलली, घाटातला ब्रेक बोलली. म्हणाली, तुम्ही मला खुंटीला बांधून ठेवलंत आणि वर रोज खुंटी पुसत बसलात.

बाबांनी घास खाली ठेवला. "नळी बसवली असती, की दुसऱ्या दिवशी तू म्हणाली असतीस, बाबा, आता तुम्ही घरीच बसा. माझी सीट गेली असती."

"म्हणून माझं आयुष्य अडवलंत?"

"एक दिवस म्हटलं, उद्या बसवू," बाबा म्हणाले. "मग रोजच उद्या म्हणत गेलो." एवढं बोलून ते हात धुवायला उठले. नळाखाली त्यांनी फार वेळ हात धुतले.

रविवारी तिनं नवी नळी बसवली. बाबा खाली आले नाहीत.

सोमवारी सकाळी मात्र ती निघाली, तसे तेही निघाले. नेहमीसारखा शर्ट, खिशात फडकं. तिनं मागे दार ओढून घेतलं, लॅच खट्ट करून बसला, दोघं जिना उतरली. सवयीनं बाबा बोनेटकडे गेले, तिथं घुटमळले, मग बोनेट न उघडताच शेजारच्या सीटवर चढून बसले आणि मोबाइल डॅशबोर्डवर चार्जिंगला लावला. समोर बघत राहिले. तिनं किल्ली फिरवली. अर्ध्या सेल्फला.

"बाबा, उतरा," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. घाटातली गोष्ट काढतील, निदान घसा तरी साफ करतील. ते उतरले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला, आणि ती समोर बघत थांबली. दार लावून त्यांनी ते बाहेरून एकदा दाबून बघितलं, नीट बसलंय का म्हणून. गल्लीच्या वळणापर्यंत तिनं आरशात बघितलं नाही.

कोल्ड स्टोरेजच्या आत शिरताच तिनं इंजिन बंद केलं. इतकी वर्षं जिची धास्ती होती, ती शांतता तिच्या अंगावर आली आणि तिला छान वाटलं. तिनं किल्ली काढली. किल्लीच्या कडीत घराची किल्ली लटकत होती.

दार ओढून घेतल्यावर दोघं कधी वेगळ्या वाटांनी गेलीच नव्हती. घराला एकच किल्ली होती आणि ती गाडीच्या कडीत. लॅच लागलेला, बाबा बाहेर, आणि त्यांचा मोबाइल तिच्यासमोर डॅशबोर्डवर हिरवा दिवा लावून बसलेला. सुपरवायझर बाई बाहेर उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. मागे रांग होती. माल चढत होता. आता निघून गेलं तर काम गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

माल चढला. अर्ध्या सेल्फला गाडी चालू झाली. बाईंनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, उद्या याच वेळेला.

एवढ्यावर मी म्हणू शकलो असतो, की बिचारी काय करणार, हात बांधलेले होते. पण तसं नव्हतं. माल पोचवायचं दुसरं दुकान त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. वळायचं, किल्ली द्यायची, पुन्हा वाटेला लागायचं, कुणाला कळलंही नसतं. ती त्या वळणापाशी आली, इंडिकेटर लावला, आणि तो परत बंद केला. तिला बाबांचा चेहरा बघायचा नव्हता. आज नाही, एवढा एक दिवस नाही. ती सरळ गेली. पुढे एका झाडाखाली तिनं काही कारण नसताना गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खिडकी खाली केली, मग वर केली, मग पुन्हा खाली. कुणी काही म्हणालं नाही. ती सुखानं बसली होती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

दिवस मावळताना ती गल्लीत शिरली. बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. तळमजल्यावरच्या बाईंनी तिला हळूच सांगितलं, की दिवसभर इथंच आहेत. आत बोलावलं, चहा आणून दिला, पण उठायला तयार नाहीत. म्हणतात, लेक येतेच आहे इतक्यात. पोरीनं बाहेर ठेवलं, असं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

ती इंजिन बंद करून त्यांच्यासमोर उभी राहिली. किल्लीबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. मी विसरले, असं म्हटलं असतं तरी ते खोटं झालं नसतं. पण अर्धंच खरं झालं असतं.

"चालू झाली का आत?" बाबांनी विचारलं.

"झाली. अर्ध्या सेल्फला."

"होणारच," बाबा म्हणाले. "इंजिन चांगलं आहे तिचं."

कडी घट्ट होती. तिनं नख घालून ती फाकवली, नख तुटलं, पण घराची किल्ली सुटी करून तिनं बाबांसमोर धरली. आता ही तुमच्याकडे राहील, ती म्हणाली. बाबांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "तूच ठेव. मला कुठं जायचंय?"

मग तिनं ती त्यांच्या खिशात घालायला घेतली, तर खिशात फडकं. बाबांनी फडकं बाहेर काढलं, कुठं ठेवावं कळेना, तेव्हा हातातच धरलं. किल्ली खिशात गेली.

जिना चढायला बाबांना वेळ लागला. ती मागून चढली, पुढे गेली नाही. दारापाशी बाबांनी किल्ली काढली, चाचपडत भोकात घातली आणि फिरवली. फिरेना. इतकी वर्षं दार तीच उघडत होती; जुनं कुलूप, त्याच्याही काही खोडी होत्या. त्यांनी पुन्हा जोर लावला, किल्ली काढून फडक्यानं पुसली, पुन्हा घातली. नाहीच. बाबा दाराला कपाळ टेकून थांबले आणि हसल्यासारखं करून म्हणाले, "हिलाही दोन माणसं लागतात वाटतं."

तिचा हात पुढे झाला होता. तिनं तो मागे घेतला.

"नाही बाबा. एकच लागतो. दार जरा आपल्याकडे ओढून घ्या, आणि मग फिरवा."

बाबांनी दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, आणि दार उघडलं.